हिरो-हिरोइनींच्या बातम्यांवर लोकांना हसवायचं कसं: खान्देशातल्या पोरापोरींसाठी

जळगाव घ्या, धुळं घ्या, शिरपूर-चोपडा घ्या, दहावी झालेल्या पोरापासून नातवंडं असलेल्या मावशीपर्यंत सगळे फिल्मी बातम्यांवर रील करून राहिलेत. त्यातले बरेच जण खरंच हुशार आहेत, तोंडात भाषा आहे, चेहऱ्यावर हावभाव आहेत, पण पहिल्या दहा-पंधरा सेकंदात कळतं की यांच्याकडं बातमी आहे, विनोद नाहीये. ‘अमक्याचं तमकीसोबत चालू आहे म्हणे’ एवढं सांगून मागं हसण्याचा आवाज चिकटवला की कॉमेडी होत नाही. तशी कुजबुज प्रत्येक ओट्यावर फुकट मिळते, त्याच्यासाठी कोणी तुमचा व्हिडिओ थांबून बघणार नाही.

मला या प्रकाराचं मनापासून प्रेम आहे आणि तो आपल्या भाषेत चांगला व्हावा असं वाटतं म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय. माझं म्हणणं थोडक्यात असं की स्टार स्वतःहून जे मिरवतो त्यावर हसा, तो जे सोसतोय त्याला हात लावू नका, आणि विनोद सुरू मुंबईत झाला तरी संपला आपल्या गल्लीत पाहिजे. आता हे करायचं कसं ते बघू.

आधी बातमी कशी शिजते ते समजून घ्या

फिल्मी गॉसिप आकाशातून पडत नाही, ते बनवलं जातं, आणि बनवायची पद्धत खूप जुनी आहे. बाबूराव पटेल नावाच्या आपल्या मराठी माणसानं १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ काढलं आणि वाचकांच्या प्रश्नांना अशी तिखट उत्तरं द्यायला लागले की लोक सिनेमा राहू द्या, ती उत्तरं वाचायला मासिक विकत घ्यायचे. मग १९७१ मध्ये ‘स्टारडस्ट’ आलं, शोभा डे (तेव्हाच्या राजाध्यक्ष) संपादक, आणि तिथं नाव न घेता बातमी द्यायचा प्रकार जोरात चालला, म्हणजे ‘एक उंच हिरो आणि एक नुकतीच लग्न झालेली हिरोईन’ असं लिहायचं आणि ओळखायचं काम वाचकावर सोडायचं. आज मासिकाच्या जागी फोटोग्राफरांची इन्स्टाग्राम पेजेस आलीत, एवढाच फरक.

एअरपोर्टच्या गेटवर, जिमच्या बाहेर, हॉटेलच्या दारात जे फोटो निघतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फोटोग्राफरला आधी फोन गेलेला असतो, स्टारच्या पीआर टीमकडूनच जातो. सिनेमा यायच्या तोंडावर हिरो-हिरोईन एकत्र दिसायला लागतात, ‘यांच्यात काहीतरी शिजतंय’ अशा बातम्या येतात, सिनेमा उतरला की सगळं शांत. म्हणून कुठलीही जोडीची बातमी दिसली की पहिलं काम, त्यांचा सिनेमा किंवा सिरियल कधी येतेय ती तारीख बघा. तारीख जवळ असेल तर तुमचा विनोद त्या जोडीवर नको, त्या टायमिंगवर करा, ते जास्त खरं आणि जास्त मजेशीर निघतं.

दुसरं काम, बातमीतलं दिसलेलं आणि अंदाजानं लावलेलं वेगळं काढा. ‘तिनं त्याला इन्स्टाग्रामवर अनफॉलो केलं’ हे दिसलेलं आहे, कोणीही जाऊन बघू शकतं. ‘घटस्फोट होणार’ हा लावलेला अंदाज आहे. हेडलाइनला शेवटी प्रश्नचिन्ह असेल, किंवा आत ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आणि ‘चाहत्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली’ असलं काही असेल, तर लिहिणाऱ्याच्या हातात ठोस काहीच नाहीये हे समजून घ्या. तुम्ही व्हिडिओत फक्त दिसलेलं सांगा, अंदाज सांगायचाच असेल तर अंदाज बांधणाऱ्यांवर हसा.

आकड्यांच्या बाबतीत तर फारच जपून. २०२५ च्या सुरुवातीला क्रिकेटर युझवेंद्र चहल आणि त्याची बायको धनश्री वर्मा यांच्या घटस्फोटाच्या वेळी ६० कोटी पोटगीचा आकडा देशभर फिरला, त्यावर हजारो मीम झाले, सगळी घाण धनश्रीच्या अंगावर आली, आणि तिच्या घरच्यांना जाहीर सांगावं लागलं की हा आकडा खोटा आहे, असं कोणी मागितलेलं पण नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा कोटीचा भाव पेपरात येतो तेव्हा आपण लगेच विचारतो की मालकानं सांगितलेला का खरंच पैसे मोजलेला, कारण आपल्याला घोड्यांचा बाजार कळतो. फिल्मी आकड्याला पण तोच प्रश्न लावा. सिनेमाचं कलेक्शन, लग्नाचा खर्च, साडीची किंमत, सगळ्याला.

आणि फोटो-व्हिडिओ. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा लिफ्टमधला व्हिडिओ फिरला, तो दुसऱ्याच मुलीच्या अंगावर तिचा चेहरा बसवलेला निघाला. आता तर असली साधनं मोबाईलात आलीत. गूगल लेन्सला फोटो टाकून बघा जुना आहे का, स्टारच्या स्वतःच्या अकाउंटवर काही आहे का, एखाद्या जबाबदार पेपरनं नावानिशी दिलंय का. एवढं करायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विनोद शिळा होत नाही.

हसायचं कशावर

मिरवणं. स्टार लोकांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं इतकं आहे की तुम्हाला त्यांच्या बेडरूममध्ये डोकवायची गरजच पडत नाही. एअरपोर्ट लूक, पहाटे चार वाजता काळा गॉगल. वाढदिवसाच्या पाच वेगवेगळ्या पार्ट्या. कार्यक्रमात साडी नेसून आलेली हिरोईन आणि तिची साडी उचलायला मागं चार माणसं. ‘मी तर घरी साधं वरण-भात खाते’ असं मुलाखतीत सांगणं. मार्च २०२४ मध्ये जामनगरला अंबानींच्या घरचं प्री-वेडिंग झालं, तीन दिवस, रिहाना येऊन गायली, जुलैमध्ये लग्न. या सगळ्यात लपवलेलं काहीच नाही, त्यांनी स्वतः जगाला दाखवलंय, त्यामुळे त्याच्यावर बोलायला तुम्ही मोकळे आहात.

चहलचंच उदाहरण परत घ्या. घटस्फोटाच्या दिवशी तो कोर्टात टोमणा छापलेला टी-शर्ट घालून गेला. टी-शर्ट त्यानं स्वतः निवडला, कॅमेरे आहेत हे माहीत असताना घातला, त्यावर तुम्ही हसू शकता, कारण आपल्याकडं पण प्रत्येक भावकीत एक माणूस असतो जो भांडणाच्या बैठकीला मुद्दाम तोच शर्ट घालून येतो जो समोरच्यानं आहेरात दिलेला असतो. पण लग्न का मोडलं, चूक कोणाची, तिनं किती पैसे घेतले, हे तुमचं काम नाही. तिथं गेलात की विनोद संपतो आणि पंचायत सुरू होते.

एक विनोद सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवून बघू

ओरी सगळ्यांना माहीत आहे, ओऱ्हान अवत्रामणी, प्रत्येक पार्टीत प्रत्येक स्टारसोबत फोटो, छातीवर हात ठेवायची ती पोझ. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं बिग बॉसमध्ये सलमानच्या समोर सांगितलं की लोकांसोबत असा फोटो काढायचे एका रात्रीत २० ते ३० लाख मिळतात. हे त्यानं स्वतः, टीव्हीवर, हसत सांगितलंय, म्हणजे बातमी पक्की आणि मिरवलेली. कच्चा माल एक नंबर.

नवशिक्याचा पहिला खर्डा असा असतो: ‘हा ओरी कोण आहे? काय काम करतो? कोणालाच माहीत नाही! तरी लाखो कमावतो! आणि आपण इथं शिकून पण बेकार!’ यात विनोद नाही, नुसती चिडचिड आहे, आणि हा प्रश्न त्याच्याबद्दल सगळ्या देशानं आधीच विचारून झालाय. वरून शेवटी बेकारीचं रडगाणं लावलं की बघणारा उदास होऊन पुढं सरकवतो.

दुसरा खर्डा: ‘मी पण छातीवर हात ठेवून फोटो काढतो, मला कोणी लाख देत नाही, डॉक्टरकडं घेऊन जातात.’ हा बरा आहे, एक हशा येतो, पण हा नाशिकचा माणूस पण करू शकतो आणि नागपूरचा पण. यात तुमचं गाव नाहीये.

आता स्वतःला विचारा, आपल्याकडं प्रत्येक फोटोत कोण असतं? लग्नाचा अल्बम उघडा. उघडलात की सापडतोच. एक आप्पा. स्टेजवर नवरा-नवरीच्या मागं उभे, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, खिशाला पेन, मामाच्या फोटोत आहेत, मावशीच्या फोटोत आहेत, पुढाऱ्याच्या सत्काराच्या फोटोत तर नवरदेव कापला गेलाय पण आप्पा पूर्ण आहेत. घरी अल्बम बघायला बसलं की बायका विचारतात, ‘हाऊ आप्पा कोनाकडला शे वं?’ नवरीकडचे म्हणतात तिकडला व्हई, नवरदेवाकडचे म्हणतात आम्हीन तर तुमना समजी राह्यंतू.

झाला तिसरा खर्डा: ‘ओरी फोटोत यायचे वीस लाख घेतो. आमच्याकडं प्रत्येक लग्नात एक आप्पा असतात. फोटोत येतात, जेवतात, टॉवेल-टोपी घेतात, आणि जाताना फोटोग्राफरलाच सांगून जातात, अल्बम व्हयना का माले बी दखाडजो रे भो.’

बघा काय झालं. ओरीवर एक पण वाईट शब्द नाही, त्याचं नाव फक्त दार उघडायला वापरलं. हसू येतं ते आप्पांवर, आणि ते हसू प्रेमाचं आहे, कारण आप्पा सगळ्यांचे आहेत. बघणारा लगेच खाली भावाला टॅग करतो, ‘आपल्या सोनूच्या लग्नातले आप्पा’. हा विनोद ओरीला लोक विसरले तरी चालेल.

शेवटची ओळ, म्हणजे ‘अल्बम झाला की मला पण दाखव रे भाऊ’, आपल्या खान्देशी अहिराणीत का ठेवली ते पण सांगते. मराठीत मांडणी केली की जळगावच्या लेवा घरापासून नंदुरबारपर्यंत आणि पुण्यात राहणाऱ्या आपल्या लोकांपर्यंत सगळ्यांना गोष्ट कळते, आणि शेवटी अहिराणी आली की एकदम घरात आल्यासारखं वाटतं, तिथंच हसू फुटतं. पूर्ण अहिराणीत पण छान होतं, ज्यांची रोजची भाषा आहे त्यांनी बिनधास्त पूर्ण करावं. मात्र अहिराणी येत नसताना नुसतं ‘शे’ आणि ‘ना’ लावून बोलू नका. धुळ्याची बोली वेगळी, चाळीसगावकडची थोडी वेगळी, यावल-रावेरची लेवा बोली तर वेगळीच, लोकांना अर्ध्या वाक्यात कळतं कोण घरचा आहे आणि कोण नक्कल करतोय. आणि बोली बोलणारा म्हणजे अडाणी, असं पात्र उभं करू नका, आपल्याच माणसांना आपणच खाली दाखवायचं काही कारण नाही. आप्पा हुशार आहेत, फुकटात अल्बमभर गाजलेत, तसंच दाखवा.

हे आपल्या शेजारच्यांनी कधीच करून दाखवलंय

मालेगाव आपल्याला लागूनच आहे. तिथं नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली हाताशी होत्या तेवढ्या पैशात ‘मालेगाव के शोले’ बनवला. घोडे आणायला पैसे नव्हते तर डाकू सायकलवर आले. लोक तुटून पडले बघायला, कारण डाकू मुंबईचा वाटत नव्हता, पॉवरलूमच्या गल्लीतला वाटत होता. पुढं त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर डॉक्युमेंटरी झाली, जगभर दाखवली गेली. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की मोठ्या स्टारची नक्कल हुबेहूब करायला जाऊ नका, तुमच्याकडं जे नाहीये ते लपवू नका, तेच पुढं आणा.

म्हणजे एअरपोर्ट लूक करायचाय तर विमानतळासारखं काही शोधत बसू नका. पहाटेचं भुसावळ स्टेशन आहे ना. एक हात सुटकेसवर, एका खांद्यावर केळीच्या वेफर्सची पिशवी, दुसऱ्या हातात बहिणीनं दिलेला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा जो फुटू नये म्हणून छातीशी धरलाय, आणि समोरून भाऊ मोबाईल धरून फोटोग्राफरसारखा ओरडतोय, ‘ताई इकडं, ताई गॉगल, ताई एक स्माइल’, आणि ताई म्हणतेय आधी डबा धर. जामनगरचं प्री-वेडिंग घ्यायचंय तर आपल्या लग्नातला माइक घ्या. तिकडं रिहाना गाऊन मोकळी झाली. आपल्याकडं मुहूर्त साडेबाराचा, दीड वाजला तरी माइकवर नावं पुकारणं चालू आहे, अमुक भाऊंचा सत्कार तमुक नाना करतील, आणि भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे. किंवा बस्ता फाडायचा, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीचा, दिवस घ्या, सगळी भावकी कापडाच्या दुकानात, आत्याला साडी पसंत नाही. एवढ्यावर तीन व्हिडिओ होतात.

हात कुठं लावायचा नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडं पोरी-बाया गौराई घेऊन नदीवर जातात, आणि या काठावरून त्या काठाला गाण्यातून शिव्या जातात, पलीकडून सवाई शिव्या येतात. कोणी मनावर घेत नाही. कारण समोरची तिथं उभी आहे, तिला तोंड आहे, ती लगेच परत देऊ शकते. माझ्या मते फिल्मी लोकांवर बोलायचं मोजमाप इथंच मिळतं. तो स्टार समोर पहिल्या रांगेत बसला असता तर हे वाक्य म्हटलं असतं का? मराठी कलाकारांच्या बाबतीत तर हा प्रश्न खरोखरचा आहे, ते जळगावला शोरूमच्या उद्घाटनाला येतात, नाटकाचा प्रयोग घेऊन येतात, धुळ्याला दहीहंडीला येतात, आणि तुमचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत नक्की पोचतो.

लहान मुलं तर पूर्ण वर्ज्य. जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनच्या मॅचमध्ये विराट-अनुष्काच्या पोरीचा चेहरा कॅमेऱ्यानं दाखवला, त्याआधी त्यांनी कितीदा विनंती केली होती की तिचा फोटो काढू नका. त्या पोरीनं काहीच मिरवलेलं नाही, तिला उलट उत्तर देता येत नाही. तसंच घराच्या आतलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट स्वतःच्या घरात बसलेली असताना समोरच्या इमारतीवरून तिचे फोटो काढले गेले, तिनं मुंबई पोलिसांना टॅग करून विचारलं की ही कुठली पद्धत. असल्या फोटोवर विनोद केला की तुम्ही पण त्या गच्चीवर उभे राहिलात असं मी मानते.

आजार आणि मरण. श्रेयस तळपदेला डिसेंबर २०२३ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेला, माणूस सावरत होता, ऑगस्ट २०२४ मध्ये कोणीतरी तो गेल्याची पोस्ट फिरवली. त्याला स्वतःला लिहावं लागलं की मी जिवंत आहे, घरात लहान मुलगी आधीच काळजीत असते, हे थांबवा. ११ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र हॉस्पिटलात असताना चॅनेलांनी ते गेल्याचं सांगून टाकलं, हेमा मालिनींना चिडून जाहीर बोलावं लागलं. ते गेले २४ नोव्हेंबरला. मधले तेरा दिवस त्या घरानं कसे काढले असतील. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडेनं स्वतःच्याच मरणाची बातमी पसरवली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा ज्यांनी घाईत विनोद टाकले होते ते पण उघडे पडले आणि ज्यांनी घाईत श्रद्धांजली टाकली ते पण. आजारपणाची किंवा मरणाची बातमी आली की मोबाईल खिशात ठेवा, घरचे बोलेपर्यंत काही करू नका, बोलल्यावर पण विनोद करू नका.

रंग, वजन, वय, मूल होत नाही, घटस्फोट झाला, दुसरं लग्न केलं, यातलं काही आपल्या घरात नाही असं घर दाखवा. तुमचा व्हिडिओ तुमची घटस्फोटित चुलत बहीण पण बघणार आहे. हिरोईनला बोललेलं तिला लागतं. बायकांवरच्या अफवांचं तर फार वाईट होतं, डिसेंबर २०२४ मध्ये प्राजक्ता माळीला पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं की माझं नाव उगाच जोडून राहिलेत. तिच्या जागी एखादा हिरो असता तर लोकांनी दोन दिवसात सोडून दिलं असतं. म्हणून जोडीच्या बातमीत विनोद लिहून झाला की तपासा, हसू कोणाच्या वाट्याला आलंय आणि शिवी कोणाच्या. दरवेळी शिवी बाईच्याच वाट्याला येत असेल तर परत लिहा.

कायद्याचं थोडं

‘म्हणे’ लावलं म्हणजे सुटलो असं खूप जणांना वाटतं, तसं नसतं. खोटी गोष्ट सांगून कोणाची बदनामी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचं ऐकून पुढं ढकललं तरी ढकलणारे तुम्हीच असता. एप्रिल २०२३ मध्ये आराध्या बच्चनबद्दल, तेव्हा ती ११ वर्षांची, ती खूप आजारी आहे, गेली, असले व्हिडिओ युट्यूबवर टाकणाऱ्यांच्या विरोधात दिल्ली हायकोर्टानं आदेश काढला आणि व्हिडिओ हटवायला लावले.

मिमिक्रीवाल्यांनी हे नीट वाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अनिल कपूरचं नाव, आवाज, चेहरा आणि ते ‘झकास’ हे सगळं त्याच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफला ‘भिडू’साठी तसंच संरक्षण दिलं. पण त्याच जॅकीच्या केसमध्ये एका युट्यूबरच्या ‘ठग लाइफ’ छापाच्या गमतीच्या व्हिडिओवर कोर्टानं लगेच बंदी घातली नाही, त्यात त्याचं स्वतःचं सर्जनशील काम आहे असं धरलं. यातून मी घेते ते असं की स्टारवर गंमत करणं आणि स्टारच्या आवाजात दुकानाची जाहिरात करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लीतल्या मोबाईलवाल्यानं सांगितलं की भाऊ, अनिल कपूरच्या आवाजात आमच्या सेलची जाहिरात करून दे, तर नाही म्हणा. एआयनं स्टारचा चेहरा लावून तर अजिबात करू नका.

क्लिप वापरण्याचं पण तसंच. फोटोग्राफरचा व्हिडिओ त्याच्या मालकीचा असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी थोडं वापरायची मुभा आहे, पण युट्यूबवर आधी स्ट्राइक येते आणि वाद नंतर, ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जाऊ शकतं. सगळ्यात सोपं म्हणजे क्लिप लावूच नका, ती स्वतः करून दाखवा. आईची ओढणी, भावाचा गॉगल, मागं साडी उचलायला दोन चुलत भाऊ. क्लिप बघून जेवढं हसू येतं त्याच्या दुप्पट हे बघून येतं.

करताना

स्टारची ओळख एका वाक्यात द्या. तुम्हाला वाटतं ओरी सगळ्यांना माहीत आहे, पण तुमच्या मावशीला माहीत नाहीये, आणि व्हिडिओ फिरतो तो मावशीच्या ग्रुपवर. विनोद लिहून झाला की आधी तिलाच ऐकवा. फोन बघून नाही, तोंडानं, ती काम करत असताना. ती काम थांबवून बघायला लागली की समजा चाललं. ‘मंग?’ म्हणाली तर शेवट अजून आलेला नाही. ‘कोण हा?’ म्हणाली तर सुरुवात दुरुस्त करा.

स्वतः हसू नका. चेहरा असा ठेवा की तुम्हाला आप्पांची खरंच चिंता वाटतेय. शेवटच्या ओळीआधी एक श्वास थांबा, आणि ओळ म्हणून झाली की बंद, ‘कसं वाटलं कमेंटमध्ये सांगा’ चिकटवलं की सगळा हशा पुसला जातो. पंखा बंद करून शूट करा, आवाजात त्याची घरघर फार येते. उन्हाळ्यात सकाळी उरकून घ्या, मे महिन्यात दुपारी आपल्याकडं माणूस तर तापतोच, मोबाईल पण बंद पडतो.

लग्नात किंवा गॅदरिंगला माइकवर करायचं असेल तर ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांना आधी विचारा, म्हातारी माणसं समोर असतात, आणि गावच्या राजकारणाचं स्टारच्या नावाखाली काढू नका, ते सगळ्यांना कळतं आणि जेवणावळीत वाद होतात. तिथं आप्पांवरचा विनोद करताना समोर आप्पा बसलेले असतीलच, तर नंतर जाऊन त्यांच्यासोबत एक फोटो काढा.

बातमी नंतर खोटी निघाली तर व्हिडिओ काढून टाका, आणि नवीन व्हिडिओत पहिल्याच वाक्यात सांगा की परवाचं ते खोटं होतं. लपून काढू नका, लोकांनी आधीच दहा ग्रुपांवर पाठवलेलं असतं.

पहिल्यांदाच करणार असाल तर या आठवड्यात जोडी, भांडण, कोर्ट असलं काही घेऊ नका. एअरपोर्ट लूक घ्या. कुठल्या तरी एका स्टारचा ताजा फोटो नीट बघा, त्यातल्या तीन गोष्टी कागदावर लिहा, बॅग, बूट, हातातला कप, जे दिसेल ते. प्रत्येकीच्या समोर आपल्या घरात त्या जागी काय असतं ते लिहा. पाहुणा गावाला निघतो तेव्हा त्याच्या हातात आपण काय काय कोंबतो ते आठवा, कळण्याचं पीठ, भरताची वांगी, डाळ, वर परत लोणच्याची बरणी. तीनपैकी जी जोडी वाचून घरातलं कोणी हसलं तेवढी एकच ठेवा, बाकी दोन पुढच्या वेळेला. व्हिडिओ चाळीस सेकंदाच्या आत, शेवटचं वाक्य आईनं निरोप देताना म्हटलेलं, तिच्याच बोलीत, आणि जमलं तर ते आईलाच म्हणायला लावा.